दोन खणांचा तर्जुमा

एकदा आमचे मुतर्जिमसाहेब कचेरीत कासरा घेऊन आले. बैलाचा साधा सुती कासरा, गुंडाळी करून काखेत धरलेला. आदल्या दिवशी एका साक्षीदारानं मारामारीची वेळ सांगताना 'दिवस कासराभर वर आला होता' असं म्हटलं होतं, आणि त्याचं उर्दूत काय लिहावं यावर त्यांचं घोडं अडलं होतं. सकाळी लवकर येऊन त्यांनी आवाराच्या भिंतीपाशी तीन शेतकरी उभे केले, हातात घड्याळ धरलं आणि सांगितलं, "दिवस कासराभर आला की सांगा." तिघांनी तीन वेळा सांगितल्या. त्यांनी तिन्ही लिहून घेतल्या आणि तर्जुम्यात, म्हणजे भाषांतरात, 'साडेसात आणि सव्वाआठच्या दरम्यान, ऋतूप्रमाणे कमीजास्त' असं लिहून वर सही केली. कासऱ्याचा उपयोग काय झाला ते मला अजून समजलेलं नाही. पण तो न बघता लिहिणं त्यांना बरोबर वाटलं नसतं.

आमच्या तालुक्याच्या मुन्सफी कचेरीत ते मुतर्जिम होते, म्हणजे भाषांतर करणारे. निजामाचं राज्य होतं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. पक्षकार मराठी बोलणारे, जुने कागद मोडीत, आणि निकाल देणारे मुन्सिफसाहेब हैदराबादचे. त्यांना मराठीचा गंध नव्हता. तेव्हा मधे एक माणूस लागायचा, तो हा. मी त्याच कचेरीत नकला उतरवायचं काम करत असे. आम्ही शेजारीशेजारी बसायचो, दौत दोघांत एक होती.

ते मूळचे उमरग्याकडचे. घरात कानडी, गल्लीत मराठी, कचेरीत उर्दू, आणि एका मौलवीसाहेबांकडे शिकलेली बऱ्यापैकी फारसी. उंच, किडकिडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी. चारही भाषा ते सारख्याच सावकाश बोलत. बाजारात भाजीवाली 'ताजी हाय' म्हणाली की ते विचारत, "कधी तोडली?" एका बाईनं तर त्यांना भाजी देणंच बंद केलं होतं. त्यांच्या पत्नी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "ह्यांना आमटीत मीठ कमी हाय म्हणून सांगू नका बाई. किती कमी, ते विचारत बसतील."

चोरीच्या एका खटल्यात साक्षीदार म्हणाला, "म्या हाकेच्या अंतरावर होतो." मुतर्जिमसाहेबांनी भर कोर्टात मुन्सिफसाहेबांची परवानगी मागितली, साक्षीदाराला बाहेर आणलं आणि हाक मारायला लावलं. मला समोरच्या पटांगणातून चालत जायचं होतं आणि हाक ऐकू येईनाशी झाली की थांबायचं होतं. मी छत्री उघडून चालत राहिलो. मागून तो माणूस 'ओ रावसाहेब' म्हणून ओरडत होता आणि सगळी कचेरी ओट्यावर येऊन बघत होती. मी थांबलो तिथपर्यंत त्यांनी पावलं मोजली. मुन्सिफसाहेब हसले, पण त्यांनी ती पावलं मिसलीत, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांत, घेतली. तो साक्षीदार खोटा ठरला, कारण ज्या झाडाखाली उभा होतो असं तो म्हणत होता, ते चोरीच्या जागेपासून त्या पावलांच्या दुप्पट लांब होतं.

अशा गोष्टींमुळे वकील मंडळी त्यांच्यावर वैतागलेली असत. एक शब्द आला की पेशीची तारीख पुढं गेलीच म्हणून समजायचं. पण त्यांनी केलेला तर्जुमा चूक आहे असं म्हणायची छाती कुणाची नव्हती.

कोंडाबाईचा दावा आला तेव्हा युद्ध चालू होतं आणि कापड मिळेनासं झालं होतं. कोंडाबाई अणदूरच्या पलीकडच्या एका गावची, पन्नाशीची बाई. मूलबाळ नाही. नवरा वारला तेव्हा ती विशीत होती, आणि तिच्या सासऱ्यानं त्या वेळी गावच्या पटवाऱ्याकडून मोडीत एक कागद लिहून घेतला होता. त्यात एक ओळ होती: 'धाकटे सुनेस हयातभर दोन खण द्यावे, त्यास कोणी हरकत करू नये.' कोंडाबाई सासऱ्याच्या घरातच राहत आली. आता सासू, सासरे, थोरला दीर सगळे गेले होते. घर दिराच्या दोन मुलांकडं होतं. थोरला दिगंबर आणि धाकटा माणिक. माणिकचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला जागा हवी होती. दिगंबरनं चुलतीला घर सोडून माहेरी जायला सांगितलं. माहेरी भाऊ उरला नव्हता. म्हणून तिनं दावा लावला.

आता खण म्हणजे काय? आमच्याकडच्या माळवदाच्या घरांत दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर किती मोठं ते खणांवर सांगतात. दुसरीकडे चोळीच्या कापडालाही खणच म्हणतात. कोंडाबाईचा वकील म्हणाला, कागदात घराचे दोन खण आहेत. दिगंबरचा वकील म्हणाला, चोळीचे दोन खण आहेत, दरवर्षी द्यायचे, आणि ते आजवर दिलेले आहेत.

कोंडाबाईची साक्ष झाली. दिगंबरच्या वकिलानं विचारलं, "सासूबाई तुम्हाला दर दिवाळीला काय देत होत्या?"

"दोन खण."

"चोळीचे?"

"व्हय, चोळीचे. घराचे कुठून देतील दरसाल?"

लोक हसले. वकिलानं पुढं विचारलं, "मग कागदात दोन खण लिहिलेत, ते कोणते असं तुम्हाला वाटलं?"

कोंडाबाईनं आपल्या वकिलाकडं पाहिलं. तो तिच्याकडं डोळे वटारून बघत होता. ती म्हणाली, "म्या तर कापडच समजले व्हते. सासूबाई द्यायच्या तेच कागदात लिवलं आसंल, आसं वाटलं. घराचं मला ह्या वकीलसाहेबांनी सांगितलं."

मी लिहिता लिहिता थांबलो. मुतर्जिमसाहेब उभे होते. आता हे त्यांना उर्दूत सांगायचं होतं, आणि सांगितलं की बाईचा दावा संपलाच. शब्द थोडा मऊ करता आला असता. 'मला नीट माहीत नव्हतं' एवढंच म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. त्यांनी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. शेवटचा वकिलाचा भागसुद्धा गाळला नाही.

मुन्सिफसाहेबांनी मान हलवली आणि मोडी कागद त्यांच्यापुढं सरकवला. "इसका तर्जुमा कल तक."

"हुजूर, आठ दिन."

"एक सतर के लिए आठ दिन?" एका ओळीला आठ दिवस, हे त्यांना पटेना.

"लफ्ज एक है हुजूर, मानी कई हैं. घर का हिस्सा, चोली का कपडा, संदूक का खाना. और खोदने को भी खण कहते हैं. लिखनेवाले ने कौनसा लिखा, वो मुझे अभी मालूम नहीं."

"औरत ने खुद बताया ना?"

"उसने वो बताया जो उसने समझा. कागज उसने नहीं लिखा."

मुन्सिफसाहेबांनी आठ दिवस दिले.

तो आठवडाभर जेवतानाही ते त्याच ओळीत गुंतलेले असत. एकदा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "आमच्या कानडीत हे भांडण झालंच नसतं. घराच्या खणाला आम्ही अंकण म्हणतो. खण म्हंजे फक्त कापड. तुमच्या मराठीनं एकाच खुंटीला सगळं अडकवलंय." जणू मी ते अडकवलं होतं.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे. त्या शुक्रवारी सकाळी ते माझ्या दारात आले. "चला, त्या गावाला जाऊन येऊ."

मी म्हणालो, "साहेब, दावा चालू आहे. आपण कचेरीची माणसं. पक्षकारांच्या गावाला जाणं बरं दिसत नाही."

"मी पक्षकारांकडं जातच नाही. तो कागद लिहिणाऱ्या पटवाऱ्याकडं जातोय."

"तो मेला की वीस वर्षांपूर्वी."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि चालू लागले. मी टोपी घालून मागं गेलो. एका बैलगाडीनं निम्म्या वाटेपर्यंत आणि मग पायी, असे आम्ही उन्हं चढायच्या आत गावात पोचलो.

पटवाऱ्याचा मुलगा आता स्वतः पटवारी होता. कचेरीतून दोघं आलेले बघून तो आधी घाबरला. मुतर्जिमसाहेबांनी त्याला सांगितलं, "मला तुमच्या वडिलांचं अक्षर बघायचं आहे. त्यांनी लिहिलेलं काहीही चालेल." त्यानं माळ्यावरून दप्तराचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, काढले, धूळ झटकली आणि आमच्यापुढं ठेवले. मुतर्जिमसाहेब ओसरीवर मांडी घालून बसले. वाटण्यांचे कागद, घरांचे कागद, लग्नाच्या याद्या. एकेक कागद ते बोटानं ओळ धरून वाचत होते आणि ज्यात 'खण' सापडेल तो बाजूला ठेवत होते.

दुपारी कोंडाबाई तिथं आली. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! तिनं तांब्याभर ताक आणलं होतं. मुतर्जिमसाहेबांनी हात जोडले. "बाई, तुमच्या घरचं काही घेता येणार नाही मला. राग मानू नका."

"आसू द्या," ती म्हणाली आणि तांब्या पटवाऱ्याच्या बायकोपाशी ठेवला. "साहेब, एक बोलू का? तुमी कापडच लिवा. म्या शपथेवर बोलले तेच खरं. माज्यापायी तुमी कशाला वाकडं लिवता?"

"वाकडं नाही लिहिणार. तुम्हाला जे वाटलं ते खरंच आहे. पण तुमच्या सासऱ्याला काय द्यायचं होतं, ते या अक्षरात आहे. ते मला वाचू द्या."

ती जायला वळली. मग म्हणाली, "मामंजी लई कमी बोलायचे. त्या दिवशी कागद झाल्यावर मला म्हणाले, 'पोरी, आता घाबरू नको.' म्या म्हटलं, दोन चोळ्यांनी का भ्या जातंय?" आणि ती निघून गेली.

मुतर्जिमसाहेबांनी हे लिहून घेतलं नाही. मी तसं सुचवलं, तर म्हणाले, "ते साक्षीत सांगायला हवं होतं. इथं सांगितलेलं चालत नाही."

दिवस कलता कलता काम संपलं. म्हाताऱ्या पटवाऱ्याची एक सवय सापडली होती. लग्नाच्या यादीत जिथं चोळीचं कापड आलं तिथं त्यानं प्रत्येक वेळी 'चोळखण' लिहिलं होतं. घराचं मोजमाप आलं तिथं नुसतं 'खण'. नऊ कागद असे निघाले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दहावा कागद निघाला. नवसाचा होता, देवीला काय काय वाहायचं त्याची यादी. त्यात लिहिलं होतं, 'देवीस खण एक, नारळ एक'. नुसतं खण. आणि तिथं तर तो कापडाचाच होता.

मी तो कागद हळूच रुमालात परत सारला. त्यांनी तो परत बाहेर काढला.

"साहेब, नऊ पुरेत की."

"दहा आहेत."

"हा कोण बघणार आहे?"

"मी बघितलाय ना," ते म्हणाले.

तर्जुमा लिहून झाला तेव्हा त्यांनी तो मला वाचायला दिला. मजकूर एका ओळीचा होता: सुनेला हयातभर मकानाचे दोन दर, म्हणजे दोन तुळयांमधली जागा दोनदा, द्यावी. पण हाशियात, कागदाच्या कडेला, बारीक अक्षरात पान भरलं होतं. मी अमुक दिवशी अमुक गावी गेलो, पटवाऱ्याचं दप्तर पाहिलं, नऊ ठिकाणी असं आढळलं, एका ठिकाणी उलट आढळलं, मात्र तिथं शेजारी नारळ आहे. सगळं लिहिलेलं.

मी म्हणालो, "हाशिया गाळा. तुम्ही नुसता तर्जुमा द्या. तुमच्या शब्दावर इथं कुणी शंका घेत नाही. हे वाचलं तर तुमची नोकरी जाईल."

"आणि गाळलं तर मी कशाच्या आधारावर लिहिलं?"

"तुमच्या आधारावर."

"मी काय आधार?" ते खरंच गोंधळून म्हणाले. "मला तर आठ दिवसांपूर्वी माहीतही नव्हतं."

पेशीच्या दिवशी दिगंबरच्या वकिलानं हाशिया वाचला आणि तो उठून उभाच राहिला. मुतर्जिम परस्पर चौकशी करतो, पक्षकारांच्या गावात फिरतो, हा तर्जुमा फेकून द्यावा. आणि त्यांच्याच लिहिण्याप्रमाणं हा पटवारी कापडालाही नुसतं खण म्हणतो, मग उरलं काय? मुन्सिफसाहेबांनी मुतर्जिमसाहेबांना विचारलं, "आप वहां गए थे?"

"जी."

"किसने बुलाया?"

"किसी ने नहीं."

मुन्सिफसाहेबांनी हाशिया पुन्हा वाचला. मग त्यांनी पटवाऱ्याच्या मुलाला तिन्ही रुमालांसकट हजर करायचा हुकूम दिला. तो आला, दहाही कागद कोर्टात उघडून वाचले गेले, आणि वाचायला या वेळी दुसऱ्या तालुक्याचा मुतर्जिम बोलावला होता. त्यानं वाचलेलं आणि हाशियातलं शब्दाला शब्द जुळलं. निकाल कोंडाबाईच्या बाजूनं लागला. निकाल सांगून झाल्यावर मुन्सिफसाहेब मुतर्जिमसाहेबांकडं वळले. "वो दसवां कागज आप छुपा सकते थे. नहीं छुपाया, इसलिए मैंने नौ पर यकीन किया. मगर आपको जाना नहीं चाहिए था. ये भी मुझे लिखना पडेगा."

"जरूर लिखिए हुजूर," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. लिहायला हवंच होतं, असं त्यांना वाटत होतं.

त्यांचं मुतर्जिमीचं काम गेलं. दूरच्या एका कचेरीत जुन्या मिसली सांभाळायच्या जागेवर त्यांची बदली झाली. तिथं कुणाचं बोलणं ऐकायचं नव्हतं आणि कुणाला काही समजावूनही द्यायचं नव्हतं.

निकालाचा अंमल करायला बेलिफ गावाला गेला, तेव्हा नक्कल घेऊन मी त्याच्याबरोबर होतो. नऊ खणांचं माळवद होतं. पंच जमले. बेलिफनं हुकूम वाचला आणि मान वर करून विचारलं, "कोणते दोन?"

कागदात फक्त 'दोन' होतं. इतके दिवस एका शब्दाची चाळण चालली होती आणि हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, मुतर्जिमसाहेबांच्यासुद्धा. कोंडाबाई आजवर पार मागच्या दोन खणांत राहत होती. शेजारी गुरं बांधलेली, उजेड नाही, भिंतीला ओल.

दिगंबर म्हणाला, "कोणते म्हंजे? हाय तिथंच. तीस वर्सं हाय तिथं."

बेलिफनं कोंडाबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "आसू द्या. मला सवय हाय."

मी लिहायला बसलो. तेवढ्यात माणिक, ज्याच्या लग्नासाठी हे सगळं झालं तो, मागच्या अंधारात गेला. त्यानं चुलतीचं जातं उचललं, दोन्ही तळ्या एकदम, पोटाशी धरून, आणि सगळ्यांच्या मधून चालत पुढच्या दारापाशी नेऊन ठेवलं. दिगंबर म्हणाला, "आरं, काय करतोस?" माणिक परत मागं गेला आणि तिची पत्र्याची पेटी घेऊन आला. मग हंडा. मग अंथरूण. बेलिफ माझ्याकडं बघून म्हणाला, "लिहा. दाराजवळचे दोन." मी लिहिलं. दिगंबरनं अंगठा दिला. राग होता, पण भावाशी पंचांसमोर भांडायचं त्याला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुतर्जिमसाहेबांकडं गेलो. ते सामान बांधत होते. मी घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी दोरीची गाठ हातातच धरून ऐकलं.

"जातं उचलताना माणिक काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"नीट आठवा. भावाला, चुलतीला, कुणाला काही म्हणाला असेल."

"नाही साहेब. शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही."

ते गुंडाळलेल्या वळकटीवर बसले. मग विचारलं, "दाराजवळ उजेड आहे?"

"भरपूर आहे. बाई लगेच तिथं बसून धान्य निवडायला लागली होती."

"बरं झालं," ते म्हणाले. शेरवानीचं वरचं बटण त्यांनी उघडलं. इतक्या वर्षांत ते उघडं मी पहिल्यांदा पाहिलं. मग उठून त्यांनी पेटीची एक कडी धरली, दुसरी मी धरली, आणि आम्ही ती बाहेर उभ्या असलेल्या गाडीत चढवली.